धरलंय

१

दुकान आपलं म्हणायचं म्हणून. खरं तर नगरच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याच्या शेडला चिकटलेल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, लॉजिक अॅनलायझर आणि मी. आतल्या खोलीत टेबल, सोल्डरचा धूर आणि माझा नवरा अवधूत. मधल्या भिंतीला त्यानंच छिन्नीनं पाडलेलं एक वेडंवाकडं भोक होतं, त्यातून वायरींचा जुडगा आत जायचा. कारखान्यांची, डेअऱ्यांची, पाण्याच्या टाक्यांची बिघडलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करायची हा आमचा धंदा. पॉलिटेक्निकला आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे दुकानात अरे-तुरे आणि घरी, सासूबाई होत्या तोवर, त्यांच्यासमोर अहो-जाहो. पायरीवर चप्पल काढता काढता मी भाषा बदलायचे आणि तो गालात हसायचा.

अॅनलायझर म्हणजे एक चपटी डबी. तिच्या वायरी चिमट्यांनी कार्डावर ठिकठिकाणी अडकवल्या की प्रत्येक वायरीची एक रेघ पडद्यावर दिसते, वर-खाली होणारी. ही डबी दोन प्रकारे बघू शकते. एक, स्वतःच्या घड्याळानं. त्याला इंटर्नल क्लॉक म्हणतात. दुसरं, समोरच्या कार्डाच्या घड्याळानं, म्हणजे एक्स्टर्नल. तेव्हा क्लॉकच्या वायरीतून कार्डाचा ठोका आला, की तेवढ्यापुरते ती डोळे उघडते आणि एक नोंद करते. ठोका नाही, तर नोंद नाही. पडद्यावर नुसतं येतं, ‘वेटिंग फॉर क्लॉक’, आणि ती गप्प बसून राहते. मला हे फार आवडायचं. दुसऱ्याच्या घड्याळानं बघण्याएवढा सोशिकपणा माझ्या स्वभावात नाही, निदान डबीच्या तरी होता.

चिपचे पाय इतके जवळजवळ असतात की क्लॉकच्या पायावर चिमटा बसत नाही. घसरून शेजारच्या पायाला लागला की कार्ड कामातून गेलं. म्हणून सुईसारखं टोक असलेली वायर त्या पायावर हातानं धरावी लागते. ती धरायचा अवधूत. आतून ओरडायचा, “धरलंय.” मी “घेते” म्हणायचे, पडद्यावर बघायचे, आणि झालं की म्हणायचे, “सोड.” त्यावर त्याचं ठरलेलं, “नक्की?” मी “नक्की” म्हटल्यावर मगच तो हात उचलायचा आणि टोक मोडू नये म्हणून इंजेक्शनच्या बाटलीच्या रबरी बुचात खोचून ठेवायचा. मनमाड रोडला स्कूटरवरून पडल्यापासून त्याचा उजवा खांदा दुखायचा. फार वेळ झाला की दातांतून श्वास ओढायचा, “सुचे, हात भरून आला गं.” पण सोड म्हटल्याशिवाय हलायचा नाही. मी मुद्दाम उशीर करून त्याचा छळही केला आहे, आणि त्यानं बाहेर येऊन माझा चहा पिऊन टाकून सूड घेतला आहे.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी तो आतून म्हणाला, “धरलंय.” मी म्हटलं, “घेते.” मग स्टूल पडल्याचा आवाज आला.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी आतल्या खोलीला कडी घातली आणि बाहेरच्या खोलीत बसून जमतील तेवढी किरकोळ कामं करू लागले.

२

चैत्रात मच्छिंद्रचा फोन आला. राहात्याकडचं एक दूध संकलन केंद्र तो चालवतो. त्या शेवटच्या दुपारी आमच्या टेबलावर होतं ते कार्ड त्याच्याच दुधाच्या कूलरचं.

“ताई, कसं बोलू, पन बोलावं लागतंय. ते जुनं कार्ड आजून हाय का वो तुमच्याकडं?”

“आहे. तसंच पडलंय.”

“बदली आनलेलं बी गेलं. कूलर मधीच बंद पडतोय. बरफाच्या लाद्या टाकून दूध वाचिवतोय बगा. दादा न्हाईत, मला ठाऊक हाय. पन नगरात दुसरं कोन हाय?”

दुसरं कुणी नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी कडी काढली.

खोली बंद राहिली की जसा वास येतो तसाच होता. स्टूल कुणीतरी उचलून सरळ ठेवलं होतं, बहुतेक लेथवाल्याच्या माणसांनी. कार्ड टेबलावरच्या हिरव्या बनातीवर होतं, त्याला अडकवलेले चिमटे तसेच. सुईचं टोक मात्र कार्डापासून वीतभर लांब, बनातीवर आडवं पडलेलं. बूच रिकामं. मी रडले, नाक पुसलं आणि कार्डाचा सप्लाय चालू केला. मग बाहेर येऊन कॉम्प्युटर लावला.

त्या दुपारची सेटिंग तशीच होती. क्लॉक सोर्स, एक्स्टर्नल. मला ते बदलून इंटर्नल करायचं होतं, कारण आत टोक धरायला कोणी नव्हतं. माऊसवर हात ठेवला आणि मी थांबले.

‘वेटिंग फॉर क्लॉक’ असं यायला हवं होतं. ते आलं नव्हतं. नोंदींचा आकडा सरकत होता.

३

मी घाबरले नाही. वैतागले. मोकळी वायर हवेतलं काहीबाही पकडते, हे पहिल्या वर्षाच्या पोराला ठाऊक असतं. शेजारी लेथ चालू, वरून विजेच्या तारा, शिवाय त्या दिवशी लष्कराचा सराव चालला होता आणि लांबच्या धमाक्यांनी खिडकीची तावदानं थरथरत होती. कारणांना तोटा नव्हता.

पण हवेतला कचरा कसाही येतो. हा तसा नव्हता. शिवणमशीनचे टाके पडावेत तसा एकसारखा होता, आणि त्याचा वेग बरोब्बर या कार्डाच्या क्लॉकचा होता. म्हणजे टोक घरंगळून चिपच्या पायाला टेकलं असणार. मी उठून आत गेले. टोक वीतभर लांब, बनातीवर आडवं.

बाहेर आले. आकडा सरकत होता.

डबी दर नोंदीपुढे वेळ लिहिते. मी मागे जाऊन पाहिलं. सगळीकडे टाके सलग होते, फक्त एका ठिकाणी मोकळी जागा होती. मी आत जाऊन उभी राहिले होते, तेवढीच.

मी वायर बदलली, तरी तेच. टोक बुचात खोचून पाहिलं, तेव्हा मात्र ‘वेटिंग फॉर क्लॉक’ आलं, आणि मला हायसं वाटलं. चहा करून आणला. कप ठेवताना पडद्याकडे लक्ष गेलं तर आकडा पुन्हा धावत होता. आत पाहिलं, बूच रिकामं होतं. टोक बनातीवर होतं, जिथे आधी होतं नेमकं तिथेच.

धमाक्यानं पडलं असेल, असं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. तेव्हा कुठलाही धमाका झालेला नव्हता. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं, आणि घरी गेल्यावर सासूबाईंच्या फोटोसमोरचा दिवाही लावायचा राहिला.

४

अडचण अशी होती की मी एकटी होते. पडदा बाहेर, टोक आत. एका माणसाला दोन्ही एकदम दिसत नाहीत. दोन माणसांचं काम होतं ते, पहिल्यापासूनच.

म्हणून मच्छिंद्र कार्डाची चौकशी करायला आला तेव्हा मी त्याला माझ्या खुर्चीत बसवलं. “हा आकडा दिसतोय ना? मी आत जाते. तो काय करतो ते मोठ्यानं सांगत राहा. बाकी कशाला हात लावू नका.”

“बरं ताई.”

मी दाराशी उभी राहिले. “काय करतोय?”

“पळतोय की जोरात.”

उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

“थांबला.”

टोक बनातीवर. मी मागे सरकले.

“चालू झाला.”

पुन्हा आत.

“थांबला बगा. ताई, तुमी आत गेल्या की थांबतंय, भाईर आल्या की चालतंय. वायर कुटंतरी लूज आसंल. पाय पडला की हलत आसंल.”

“तसंच असेल,” मी म्हणाले आणि येऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत होतो. शेजारची लेथ जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली होती, धमाकेही नव्हते. त्या शांततेत मच्छिंद्रनं मान वळवून भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं.

“आत कोन बसलंय?”

“कुणी नाही. का?”

“न्हाई, आसंच.” त्यानं मानेवरून हात फिरवला. “दातातनं श्वास वडल्यावानी वाटलं. एकांद्याचं दुखत आसलं म्हंजी कसं…”

तो उठला. चहा सांगितला होता, तो यायच्या आत “मी परवा येतो” म्हणून गेलासुद्धा. मोटारसायकल एमआयडीसीच्या वळणापर्यंत ऐकू आली.

मी खुर्चीत बसले. भीतीनं बसले असं मला म्हणायचं आहे, पण ते खरं नाही. मला आठवलं होतं. तो “धरलंय” म्हणाला होता, मी “घेते” म्हटलं होतं. त्यानंतर धावपळ, रिक्षा, दवाखाना, घाट, माणसं, दहावा. सोड म्हणायचं राहून गेलं होतं.

५

आता जे लिहिते आहे त्याला कुणी वेड म्हटलं तर माझी हरकत नाही. मी काम सुरू केलं.

कार्डाचा दोष असा होता की ते मधूनच स्वतःला रीसेट करायचं आणि कूलर बंद पडायचा. इंटर्नल क्लॉकनं बघितलं तर सगळ्या रेघा शहाण्यासारख्या वागायच्या. म्हणून तर त्या दुपारी आम्ही एक्स्टर्नल लावला होता. अशा वेळी माग उलटा काढायचा असतो. रीसेटची रेघ कुणामुळे पडली, त्याला कुणी ढकललं, त्याच्याही मागे कोण होतं. एक चिमटा काढायचा, एक जागा मागे लावायचा, पुन्हा बघायचं.

मी आत जायचे. टोक बनातीवर असायचं. मी चिमटा हलवायचे, बाहेर यायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, “घेते.” टाके पडायला लागायचे.

पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले, आणि मग हसले. आम्ही पुन्हा कामाला लागलो होतो. मी त्याच्याशी बोलायला लागले. लेथवाल्यानं भाडं वाढवायची भाषा केली ते सांगितलं. सासूबाईंचा चष्मा अजून कपाटातच आहे, देऊन टाकायला जीव होत नाही, ते सांगितलं. “तुझा चहा पिऊन टाकते हं,” असं म्हणून दुसरा कप मीच प्यायले. आतून कधी उत्तर आलं नाही. फक्त टाके पडत राहायचे, आणि मला तेवढं पुरे होतं. मी त्याच्यावर प्रेम करत होते हे इतकी वर्षं कधी म्हटलं नव्हतं, ते भिंतीला म्हटलं.

पुण्याहून मनवाचा, माझ्या मुलीचा, फोन आला. ती रोज दुकान बंद कर म्हणून मागे लागायची. त्या दिवशी म्हणाली, “आई, आज तुझा आवाज बरा वाटतोय.”

“काम आहे ना हातात,” मी म्हणाले.

“एकटीच करतेस?”

मी म्हटलं, “जमतंय.”

माग काढणं सोपं होतं. मनात आणलं असतं तर एका बैठकीत शेवटाला पोचले असते. मी मुद्दाम चुकीच्या जागी चिमटे लावले. बघितलेलं पुन्हा बघितलं. मच्छिंद्रचे फोन येत राहिले आणि मी त्याला थापा मारत राहिले, तिकडे तो बिचारा बर्फ आणत होता. दोष सापडला की कार्ड जाणार, आणि कार्डाबरोबर काय जाणार ते मला कळत होतं.

६

मग टाके सुटायला लागले.

आधी क्वचित एखादा. मला वाटलं, सप्लाय कमी-जास्त झाला असेल. मग दोन-तीन एकदम. रेघ चालता चालता थबकायची, थरथरायची, पुन्हा सावरायची. दुपार चढत जाई तसतसं वाढायचं. सकाळी दुकान उघडलं तरी पहिल्यासारखं होईना. मी रात्री घरी जात होते, झोपत होते. त्याला तशी सुट्टी नव्हती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दुपारी भोंगा झाला, लेथ थांबली, आणि मी स्पष्ट ऐकलं. दातांतून आत ओढलेला श्वास. लांब, बारीक. मग पुन्हा.

भोकातून वायरींचा जुडगा आत गेला होता. त्यातली एक वायर ताणलेली होती. बाकीच्या भोकाच्या कडेवर सैल पडल्या होत्या आणि ही एकटी, आतून कुणीतरी वर उचलून धरल्यासारखी, सरळ. ती हलत होती. तो कंप मला ओळखीचा होता. औषधाची गोळी तोंडात टाकतानाही त्याचा उजवा हात असाच हलायचा.

भोकाला डोळा लावला असता तर आतलं टेबल दिसलं असतं. मी लावला नाही. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त वाटलं ते असं की मी बघितलं तर मला त्याला सोडताच येणार नाही.

“थांब हं,” मी म्हणाले. “बघते. आता नीट बघते.”

आणि मी खरंच बघितलं. रीसेटची रेघ पडत होती, तिच्या मागे व्होल्टेजवर लक्ष ठेवणारी बारकी चिप, तिच्या मागे बाहेरची वायर खोचायच्या कनेक्टरवरून येणारी ओळ. डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी ते पुसून त्या एका ठोक्यावर येत होते, जिथे कनेक्टरची ओळ सगळ्यांच्या आधी डळमळत होती. बाकीचं सगळं तिच्या मागून. कनेक्टरच्या पायाचं सोल्डर तडकलं होतं. इतका साधा दोष. त्या दुपारी तो आणखी थोडा वेळ बसला असता तरी सापडला असता.

“अवधूत,” मी म्हटलं, “सापडलं. कनेक्टरचा पाय आहे.”

टाके थरथरत पडत होते.

मी टेबलाची कड धरली. मग म्हटलं, “सोड.”

आकडा थांबला. पडद्यावर काही क्षण काहीच नव्हतं. मग एक, एकच ठोका आला, आणि पुन्हा काही नाही. काय विचारतोय ते मला कळलं. आयुष्यभर तो तेच विचारत आला होता, आणि दर वेळी मी वैतागून उत्तर दिलं होतं.

“नक्की,” मी म्हणाले. “नक्की रे. सोड आता.”

भोकातली वायर हळूच खाली आली आणि बाकीच्या वायरींवर टेकली. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘वेटिंग फॉर क्लॉक’.

७

मी बऱ्याच वेळानं आत गेले. स्टूल जरा मागे सरकलेलं होतं, माणूस उठताना सरकतं तेवढंच. बनातीवर टोक नव्हतं. ते रबरी बुचात खोचलेलं होतं, नीट, सरळ.

मी वाट पाहिली. त्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही, डबी एक्स्टर्नलवर ठेवून तिच्यासमोर बसले. चहा केला. “घेते,” असंसुद्धा म्हणून पाहिलं. अक्षरं बदलली नाहीत.

मग कनेक्टरचा पाय सोल्डर केला. मच्छिंद्रला फोन करून सांगितलं, या, न्या. तो म्हणाला, “लई उपकार झाले ताई. आन त्या दिवशी मी तसा निगून गेलो, मनात धरू नका.” मी म्हटलं, “नाही धरत.”

दुरुस्त झालेलं कार्ड देण्याआधी एकदा डबीवर बघायचं, हा आमचा रिवाज. मी बाहेर रेकॉर्डिंग चालू केलं, आत गेले, स्टूलवर बसले. या स्टूलवर मी कधी बसले नव्हते. बुचातून टोक काढलं, भिंगातून क्लॉकचा पाय शोधला आणि त्यावर टेकवलं. वाटलं होतं त्यापेक्षा फार अवघड असतं ते. श्वास घेतला तरी टोक घसरायला बघतं.

“धरलंय,” मी म्हणाले.

थोडाच वेळ धरायचं होतं. तेवढ्यात हवं तेवढं रेकॉर्डिंग होतं, ते मला माहीत होतं. भोकातून बाहेरच्या खोलीतला उजेड दिसत होता आणि माझ्या खुर्चीची पाठ. शेजारी लेथ सुरू झाली, बंद झाली. मच्छिंद्रची मोटारसायकल बाहेर येऊन थांबली आणि त्यानं “ताई” म्हणून हाक मारली.

मला ओ देता येत नव्हती. हात खांद्यापर्यंत भरून आला होता, मी दातांतून श्वास ओढत होते, आणि बाहेरून मला कोणी सोड म्हणत नव्हतं.